फलाटावर गाडी नेमकी थांबवायची कशी? संगणकावर चालणाऱ्या मॉडेल रेल्वेतला आपोआप ब्रेक

मॉडेल रेल्वे संगणकाला जोडली की चार-आठ दिवसांत गाड्या धावायला लागतात. सांधे बदलतात, सिग्नल लाल-पिवळे होतात, घरचे येऊन कौतुक करून जातात. मग खरी अडचण सुरू होते. एकदा इंजिन सिग्नलच्या वीतभर अलीकडे उभं राहतं, पुढच्या फेरीला तेच इंजिन तोच सिग्नल ओलांडून सांध्यावर जाऊन बसतं, आणि शेवटचा डबा फलाटाबाहेर राहतो तो राहतोच.

अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसतात. माझं मत उलटं आहे: सॉफ्टवेअरकडे सगळ्यात शेवटी वळावं. थांबायच्या जागी पोहोचताना गाडीचा वेग जितका कमी आणि दर फेरीला जितका सारखा, तितकी ती नेमकी थांबते. हे साधलं की कुठलंही सॉफ्टवेअर चालतं. नाही साधलं, तर महागातलं महाग सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही. म्हणून या लेखाचा क्रम आधी इंजिन, मग रूळ आणि सेन्सर, शेवटी संगणक असा आहे.

मी एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली मांडणी गृहीत धरतोय. रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, नियंत्रण डीसीसीचं, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश पाठवणाऱ्या डिजिटल पद्धतीचं. इंजिनाच्या पोटातला डीकोडर नावाचा छोटा सर्किट बोर्ड तो आदेश वाचतो. आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ मिमीला ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतात, म्हणजे भारतीय गाडी या रुळांवर अंमळ अरुंदच धावते. या फरकाकडे सगळेच काणाडोळा करतात, आपणही करू. कमांड स्टेशन, म्हणजे रुळांवर आदेश पाठवणारं यंत्र, म्हणून आर्डुइनो मेगा या छोट्या नियंत्रक बोर्डवर चालणारं डीसीसी-ईएक्स आणि संगणकावर गाड्या चालवायला जेएमआरआय धरलंय, कारण दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि आर्डुइनोसाठी लागणारं सामान पुण्यात तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास फिरलं तर बरंचसं मिळतं. डीकोडर आणि रूळ मात्र मागवावे लागतात.

आधी थोडी आकडेमोड

खरी गाडी ताशी १०० किमी वेगाने जात असेल तर एचओमध्ये ती सेकंदाला ३२ सेंमी जाते. सोपा हिशोब असा: सेंमी प्रतिसेकंद गुणिले ३.१३ म्हणजे ताशी किमी. सेकंदाला १९ सेंमी म्हणजे जवळपास ६० किमी, आणि ५ सेंमी म्हणजे जेमतेम १६ किमी, फलाटात सरपटत शिरणाऱ्या गाडीचा वेग.

आता खऱ्या गाडीला थांबायला किलोमीटरभर अंतर लागतं असं धरलं, तर मॉडेलमध्ये त्याचे साडेअकरा मीटर होतात. पुण्यातल्या फ्लॅटच्या दहा बाय बाराच्या खोलीत लांबडी भिंत साडेतीन मीटरहून थोडीच मोठी. तेव्हा हुबेहूब ब्रेकिंगचा हट्ट सोडून द्या. लबाडी करायचीच आहे, फक्त ती डोळ्याला खटकू नये इतकी सफाईदार हवी.

दुसरा आकडा उशिराचा. चाक सेन्सरवर येणं, आर्डुइनोने ते वाचणं, यूएसबीवरून संगणकाला कळवणं, सॉफ्टवेअरने निर्णय घेणं, आदेश परत रुळांवर जाणं, डीकोडरने तो मानणं, या सगळ्याला मिळून ०.२ सेकंद लागतात असं धरा. ३२ सेंमीच्या वेगाला तेवढ्यात गाडी साडेसहा सेंमी पुढे गेलेली असते. ५ सेंमीच्या वेगाला फक्त एक सेंमी. शिवाय हा उशीर दर वेळी तेवढाच नसतो, कधी ०.१ तर कधी ०.३. वेगात आलेल्या गाडीची थांबण्याची जागा याच फरकामुळे हलते. सरपटत आलेल्या गाडीला त्याचं काही वाटत नाही.

थांबवण्याच्या जुन्या वाटा

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे सिग्नलपुढच्या रुळाचा करंट तोडणं. डीसीसीमध्ये ती करू नका. इंजिन धाडकन थांबतं, दिवे विझतात, आवाज बंद पडतो. आणि डीकोडरला साठवणीचा कपॅसिटर जोडलेला असेल तर इंजिन त्या जोरावर बिनधास्त पुढे निघून जातं.

दुसरी वाट लेन्झ कंपनीची एबीसी, म्हणजे रुळांतल्या व्होल्टेजवरून डीकोडरला आपोआप ब्रेक लावायला सांगण्याची पद्धत. डीसीसीचा सिग्नल दोन्ही बाजूंना सारखा झुलतो. ब्रेकच्या तुकड्याच्या वायरीत एका दिशेला चार साधे डायोड ओळीने आणि उलट दिशेला एक शॉट्की डायोड टाकला की दोन बाजूंच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो. डीकोडर तो फरक ओळखतो आणि स्वतःच्या ब्रेकच्या सेटिंगप्रमाणे शांतपणे थांबतो. दिवे आणि आवाज चालू राहतात. डीकोडरला एबीसी समजत असेल तर सीव्ही २७ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) उजव्या रुळासाठी १, डाव्यासाठी २, दोन्हींसाठी ३ भरायचे. सगळ्या डीकोडरना हे येत नाही, म्हणून विकत घेण्याआधी माहितीपत्रक बघा.

काही डीकोडर सरळ डीसी करंट मिळाला तरी ब्रेक लावतात. पण डीसी आणि डीसीसीच्या मधल्या फटीवर इंजिनाची चाकं आली की शॉर्ट होतो, म्हणून मध्ये आणखी तुकडे, आणखी रिले लागतात. नव्या मांडणीत या भानगडीत पडायचं कारण नाही.

एबीसीला मात्र संगणकाच्या जोडीनेही जागा आहे. बफरपाशी, म्हणजे रुळाच्या टोकाच्या अडथळ्यापाशी, संपणाऱ्या प्रत्येक लाइनच्या शेवटच्या ३०-४० सेंमीला एबीसी कायम जोडून ठेवा. संगणक हँग झाला तरी इंजिन बफर फोडून फरशीवर पडणार नाही. त्या तुकड्यात शिरताना वेग किती असतो आणि तेवढ्यात गाडी थांबते का, हे एकदा तपासून घ्या. आणि बफरकडून परत येण्यासाठी सीव्ही २७ मध्ये ३ भरू नका, नाहीतर उलट दिशेलाही इंजिन जागचं हलणार नाही.

इंजिन माणसाळवणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही. आधी चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग इंजिन दोन्ही दिशांना दहा-पंधरा मिनिटं पळवा. थंड मोटरवर घेतलेली मापं अर्ध्या तासाने खोटी ठरतात.

मोटरवरचा ताण ओळखून वेग सांभाळण्याची सोय डीकोडरमध्ये चालू आहे ना, ते पाहा. तिच्याशिवाय रिकामं इंजिन एका जागी थांबतं आणि पाच डब्यांचं दुसरीकडेच. मग सीव्ही २ अशी लावा की वेगाच्या १२८ पायऱ्यांतल्या पहिल्या पायरीला इंजिन झटका न देता जेमतेम सरकेल. सीव्ही ५ ने कमाल वेगाला लगाम घाला. बऱ्याच इंजिनांना बॉक्समधून काढल्याबरोबर विमानासारखं पळायची खोड असते. आपल्या घरगुती मांडणीला ताशी १२५ किमी, म्हणजे सेकंदाला ४० सेंमी, पुष्कळ झाले. त्यातही पायरीमागे वेग सारखा वाढत जायला हवा. मध्येच उडी असेल तर सीव्ही ६ ने मधला वेग दुरुस्त करा.

आता सीव्ही ३ आणि सीव्ही ४, म्हणजे वेग घेण्याची आणि वेग सोडण्याची सावकाशी. एनएमआरए या मॉडेल रेल्वेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या व्याख्येप्रमाणे सीव्ही ४ ची किंमत गुणिले ०.८९६ केलं की कमाल वेगावरून शून्यावर यायला लागणारे सेकंद मिळतात. १० भरलं तर साधारण ९ सेकंद. कमाल वेग ४० सेंमी असेल तर तेवढ्या वेळात गाडी १८० सेंमी जाते. पण अर्ध्या वेगावरून, २० सेंमीवरून, वेळ निम्मा लागतो आणि अंतर चौथाई, म्हणजे ४५ सेंमी. वेग निम्मा केला की थांबण्याचं अंतर चौथाई होतं, हे एवढं लक्षात राहिलं तरी पुढचं बरंच सोपं जातं.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. ब्रेक संगणकाने हळूहळू पायऱ्या उतरवत लावायचा की डीकोडरने सीव्ही ४ च्या जोरावर? दोघांनाही लावू द्यायचा म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी. संगणक लावणार असेल तर सीव्ही ३ आणि ४ दोन-तीनवर आणा. शून्य करू नका, प्रत्येक पायरीला बारीक हिसका दिसतो. डीकोडर लावणार असेल तर सीव्ही ४ मोठी ठेवा आणि संगणकाने फक्त “आता सरपट” आणि “आता थांब” एवढेच दोन आदेश द्यायचे. दोन्ही रीतींचं गणित पुढे देतो.

शेवटी वेगाची नोंद. दोन सेन्सरमधलं अंतर टेपने मोजा, समजा २०० सेंमी. पायरी ४० वर ते पार करायला १२.५ सेकंद लागले तर वेग १६ सेंमी, म्हणजे खऱ्या गाडीचे ५० किमी. असं पायरी १०, २०, ३० करत वरपर्यंत जा, आणि पुढे-मागे दोन्ही दिशांना. दोन दिशांचे आकडे सहसा जुळत नाहीत. जेएमआरआयमध्ये इंजिनाच्या नोंदीतच स्पीड प्रोफाइल नावाची सोय आहे, ती मोजमाप स्वतः करून घेते. अंतर मात्र तुम्हीच सांगायचं असतं, आणि तिथे चुकीचा आकडा गेला की पुढचं सगळं चुकतं.

रूळ, ब्लॉक आणि सेन्सर

बेसबोर्डसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून चांगला प्लाय घ्या. पावसाळ्यात फुगणारा स्वस्त प्लाय रुळांच्या जोडांची वाट लावतो आणि जोडावर हिसका खाल्लेलं इंजिन कुठल्याच सॉफ्टवेअरला नेमकं थांबवता येत नाही.

ब्लॉक म्हणजे एका वेळी एकाच गाडीला मुभा असलेला रुळाचा तुकडा. दोन टोकांना प्लास्टिकच्या फिशप्लेट टाकून तो वेगळा करायचा आणि त्याला स्वतंत्र वायर द्यायची. लांबी किती? आपल्या रेल्वेचा एलएचबी जातीचा प्रवासी डबा खऱ्यात साडेतेवीस मीटर, मॉडेलमध्ये २७ सेंमी. डब्ल्यूएपी-७ इंजिन साडेतेवीस सेंमीच्या आसपास. एक इंजिन आणि पाच डबे, कपलिंगच्या फटी धरून, साधारण १६५ सेंमी. ब्लॉक त्याहून निदान ५० सेंमी लांब हवा. जागा नसेल तर डबे कमी करा. गाडी ब्लॉकपेक्षा लांब असेल तर शेपूट मागच्या ब्लॉकमध्ये राहतं आणि सगळी वाहतूक तिथेच ठप्प होते.

ब्लॉकमध्ये गाडी आहे की नाही हे त्यातून वाहणाऱ्या करंटवरून कळतं. पण करंट खातं फक्त इंजिन. डबे तुटून मागे राहिले तर संगणकाला ब्लॉक रिकामाच दिसणार. म्हणून निदान शेवटच्या डब्याच्या दोन धुऱ्यांवर १० किलोओहमचे रेझिस्टर बसवा. १४ व्होल्टला प्रत्येक धुरा १.४ मिलिअँपियर खातो, आणि तेवढ्यावर डिटेक्टर जागा झाला पाहिजे. तपासायची सोपी रीत: तसाच एक सुटा रेझिस्टर घेऊन त्याचे पाय दोन रुळांना लावा आणि पडद्यावर ब्लॉक लाल होतो का बघा. प्रत्येक ब्लॉकच्या दोन्ही टोकांना करा.

पावसाळ्यात या डिटेक्टरना एक विचित्र रोग जडतो. गिट्टी फेव्हिकॉलच्या पाण्याने चिकटवलेली असते, हवा दमट झाली की तिच्यातून दोन रुळांमध्ये किंचित करंट झिरपतो आणि रिकामा ब्लॉक भरलेला दिसायला लागतो. डिटेक्टरची संवेदना बदलता येत असेल तर जुलैमध्ये ती पुन्हा लावून घ्या. आणखी एक गोष्ट: डायोडवर चालणारे डिटेक्टर प्रत्येक ब्लॉकमध्ये दीडेक व्होल्ट खातात. ते सगळ्या ब्लॉकना सारखेच लावा, नाहीतर ब्लॉक बदलला की वेग बदलतो. त्यातला एक डायोड उडाला तर दोन बाजूंचं व्होल्टेज विषम होतं आणि एबीसी चालू असलेलं इंजिन काहीही कारण नसताना भर रस्त्यात थांबतं.

करंटचा डिटेक्टर “गाडी ब्लॉकमध्ये आली” एवढंच सांगतो. थांबण्याची नेमकी जागा सांगायला ठरावीक बिंदूचा सेन्सर हवा. पर्याय दोन. स्लीपरांमध्ये लपवलेला इन्फ्रारेड सेन्सर स्वस्त आणि सोपा, पण दुपारचं ऊन खिडकीतून थेट मांडणीवर येत असेल तर तो गोंधळतो. दुसरा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की कळवणारा: रुळांमध्ये ए३१४४ हा सेन्सर आणि इंजिनाच्या पोटाखाली छोटा चुंबक. मला हाच आवडतो, कारण त्याला ऊन, धूळ, डब्यांमधल्या फटी यांचं सोयरसुतक नसतं. चुंबकाचा एकच ध्रुव आणि सेन्सरची एकच बाजू जुळते, तेव्हा चिकटवण्याआधी उलटसुलट करून पाहा. सगळ्या इंजिनांना चुंबक इंजिनाच्या पुढच्या टोकापासून सारख्याच अंतरावर बसवा. दोन्ही टोकांनी धावणाऱ्या लोकल रेकला दोन्ही टोकांना चुंबक लागतो. खऱ्या रेल्वेतल्या, गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या कवच यंत्रणेतही रुळांमध्ये बसवलेले आरएफआयडी टॅग गाडीला तिची जागा सांगतात. फरक इतकाच की तिथे वाचणारं यंत्र इंजिनावर असतं आणि आपल्याकडे रुळात.

एका फलाटाचं पूर्ण गणित

फलाट क्रमांक एकचा ब्लॉक २२० सेंमी घेऊ. गाडी १६५ सेंमीची. इंजिनाचं तोंड २०० सेंमीवर थांबवायचं, म्हणजे पुढच्या फटीला २० सेंमी शिल्लक आणि शेपूट मागच्या फटीच्या ३५ सेंमी आत. गाडी १९ सेंमीच्या वेगाने आत येते आणि सरपटीचा वेग ५ सेंमी ठरवलाय.

पहिली रीत, ब्रेक संगणकाचा. ब्लॉक व्यापला गेल्याची खबर आली की उतरण सुरू. १९ वरून ५ वर सारख्या गतीने यायचं तर सरासरी वेग १२ सेंमी. १७० सेंमीत हे बसवलं तर सुमारे १४ सेकंद लागतात. मग २८ सेंमी सरपट, साडेपाच सेकंद. मग थांबण्याचा सेन्सर. तो २०० वर बसवायचा नाही. आदेशाच्या उशिरात एक सेंमी जातो. सीव्ही ४ दोनवर असेल आणि कमाल वेग ४० असेल तर ५ वरून शून्यावर यायला पाव सेकंदही लागत नाही, त्यात अर्ध्या सेंमीहून थोडं अधिक जातं. म्हणून चुंबक सेन्सरवर येईल तेव्हा इंजिनाचं तोंड १९८ वर असेल असा सेन्सर बसवा. चुंबक तोंडापासून ४ सेंमी मागे असेल तर सेन्सर १९४ वर येतो. चुंबकाचं हे अंतर विसरून सेन्सरचं भोक पाडणारे बरेच असतात.

सरपट न ठेवता तीच गाडी १९ च्या वेगाने थेट या सेन्सरवर आणली तर उशिरात चार सेंमी आणि ब्रेकमध्ये आठ, म्हणजे बारा सेंमी पुढे जाईल. बारा सेंमी हेही गणितात धरता येतं, पण उशीर ०.१ वरून ०.३ झाला की त्यातच जवळजवळ चार सेंमींचा फरक पडतो. सरपटीत तोच फरक एका सेंमीचा.

दुसरी रीत, ब्रेक डीकोडरचा. त्याच १७० सेंमीत १९ वरून ५ वर यायचं तर वेग दर सेकंदाला साधारण १ सेंमीने कमी व्हायला हवा. म्हणजे ४० वरून शून्यावर यायला ४० सेकंद, आणि त्यासाठी सीव्ही ४ साधारण ४५. पण आता सरपटीवरून थांबायलाही पाच सेकंद आणि साडेबारा सेंमी लागणार. उशिराचा एक सेंमी धरून सेन्सर असा सरकवा की चुंबक त्यावर येईल तेव्हा इंजिनाचं तोंड २०० च्या १३-१४ सेंमी अलीकडे असेल. सरपटीला त्यामुळे थोडीच जागा उरते, तेवढी चालते. या रीतीत थांबणं दिसायला फार सुंदर दिसतं. तोटा असा की प्रत्येक इंजिनाची सीव्ही ४ वेगवेगळी जुळवावी लागते आणि हाताने चालवताना तेच इंजिन सांगितलेलं ऐकायला वेळ लावतं.

तुमच्याकडे एकाच जातीची दोन-तीन इंजिनं असतील तर दुसरी रीत घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर पहिली.

आर्डुइनोवरचं काम

मेगावर बसून रुळांना करंट देणारं मोटर शील्ड आर३ वापरत असाल तर एक गोष्ट आधी करा: शील्डच्या मागचा व्हीइन कनेक्टचा बारीक ट्रेस कापा. नाहीतर रुळांसाठी दिलेला १४ व्होल्टचा पुरवठा मेगावरही जातो. मेगाला वेगळा पुरवठा द्या.

डीसीसी-ईएक्समध्ये प्रत्येक सेन्सरला एक क्रमांक आणि मेगाची एक पिन द्यायची. हॉल सेन्सरला पुल-अप (पिनचं व्होल्टेज एरवी वर धरून ठेवणारा रेझिस्टर) लागतो, तो चालू ठेवा. संगणक मध्ये न आणता हे करायचं असेल तर त्यातच एक्सरेल नावाची छोटी भाषा आहे. फलाट एकची गोष्ट त्यात अशी लिहिली जाते: ब्लॉक राखून ठेव, ठरलेल्या वेगाने पुढे जा, ब्रेकच्या सेन्सरची (म्हणजे ब्लॉक भरल्याच्या खबरेची) वाट बघ, सरपटीचा वेग दे, थांबण्याच्या सेन्सरची वाट बघ, थांब, मागचा ब्लॉक मोकळा कर, वीस सेकंद थांब, पुढच्या क्रमाकडे जा. दुसऱ्या रीतीसाठी हे उत्तम, कारण उतरणीचं काम डीकोडर करतो आणि यूएसबीचा उशीर मध्ये येतच नाही. पुणे-लोणावळा अशी दोन टोकांची मांडणी आणि एक-दोन लोकल असतील तर माझ्या मते जेएमआरआयचीही गरज नाही.

जेएमआरआयमध्ये

तीनपेक्षा जास्त गाड्या एकाच वेळी चालवायच्या असतील तर मात्र जेएमआरआय. आधी सेन्सरचा तक्ता भरा आणि प्रत्येक सेन्सरला माणसाला कळेल असं नाव द्या. मग लेआउट एडिटरमध्ये रूळ काढा, ब्लॉक जोडा, ब्लॉकची खरी लांबी भरा. लांबी न भरता ब्रेकची अपेक्षा करणं व्यर्थ आहे. त्यानंतर सिग्नल आणि त्यांचं आपसातलं लॉजिक, मग सेक्शन, म्हणजे गाडीसाठी राखून ठेवायचा एक किंवा अधिक ब्लॉकचा भाग. सेक्शनच्या तक्त्यात पुढच्या आणि उलट दिशेसाठी थांबण्याचे सेन्सर वेगवेगळे देता येतात. तिथेच आपला हॉल सेन्सर जातो. शेवटी डिस्पॅचर या गाड्या सोडणाऱ्या भागात आपोआप चालणारी गाडी तयार करताना स्पीड प्रोफाइल वापरायला सांगा.

सेन्सरच्या सेटिंगमधले दोन उशीर नीट समजून घ्या. करंटच्या डिटेक्टरला “भरला” म्हणायला अगदी थोडा आणि “रिकामा” म्हणायला सेकंदभर उशीर ठेवा, म्हणजे घाणेरड्या चाकामुळे करंट क्षणभर तुटला तरी ब्लॉक मोकळा झाल्याचा भास होणार नाही. हॉल सेन्सरला “भरला” चा उशीर मात्र शून्य हवा. ४० सेंमीच्या वेगाला एक सेंमीचा चुंबक त्याच्यावरून २५ मिलिसेकंदांत निघून जातो. तिथे उशीर ठेवलात तर गाडी गेल्याचं कुणाला कळणारही नाही.

जेएमआरआयऐवजी रॉकरेल हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: तिथे ब्लॉकला “एंटर” आणि “इन” असे दोन प्रसंग असतात. पहिला आपला ब्रेकचा, दुसरा थांबण्याचा. विकतच्या ट्रेनकंट्रोलरमध्ये ब्रेकची आणि थांबण्याची खूण सेन्सरपासून किती सेंमीवर ते लिहिता येतं, म्हणजे सेन्सर हलवायची गरज पडत नाही. मात्र त्याला इंजिनाचं वेगमापन अगदी काटेकोर लागतं.

लॅपटॉपची झोप बंद करा, अपडेट पुढे ढकला, आणि लाइट जाते तेव्हा लॅपटॉप चालू आणि रूळ बंद अशी स्थिती येते हे लक्षात ठेवा. लाइट आल्यावर सगळ्या गाड्या एकदम सुटू नयेत म्हणून रुळांचा करंट आपोआप चालू होणार नाही असं ठेवा आणि कुठली गाडी कुठल्या ब्लॉकमध्ये आहे हे डोळ्यांनी पाहूनच पुढे जा. हाताशी एक लाल बटण हवंच, जे दाबलं की सगळ्या इंजिनांना आपत्कालीन थांबा जाईल. माउसने पडद्यावरचं बटण शोधेपर्यंत अपघात होऊन गेलेला असतो.

घाटातली एक युक्ती

भोर घाटात १:३७ चा उतार आहे. तिथे ब्रेक निकामी होऊन सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग, म्हणजे तिला बाजूला घेणारे रूळ, ठेवलेली आहेत. मॉडेलमध्येही ही कल्पना छान उतरते. पुढे दुसरी गाडी उभी असण्याची शक्यता आहे अशा वाटेवरचा सांधा एरवी रिकाम्या सायडिंगकडेच वळवून ठेवा. थांबण्याच्या सेन्सरने गाडी आल्याचं कळवल्यावर आणि तिचा वेग शून्य झाल्यावरच तो मुख्य वाटेकडे वळू द्या. सेन्सर चुकला तरी गाडी रिकाम्या रुळावर जाते. उतारावर मात्र थांबण्याचा सेन्सर बसवू नका. मागचे डबे ढकलतात, गिअरमधला ढिलेपणा उलटतो आणि सगळी मापं बदलतात. फलाट सपाटीवरच घ्या.

चाचणी आणि नंतरची देखभाल

रुळावर पेन्सिलने सेंमीच्या खुणा करा आणि एकाच इंजिनाला एकाच फलाटावर पुन्हा पुन्हा थांबवून तोंड कुठे येतं ते लिहून काढा. सगळ्या नोंदी एका-दोन सेंमीत बसल्या पण सगळ्याच पुढे असतील, तर सेन्सर किंवा खूण मागे सरकवा, काम झालं. नोंदी पसरलेल्या असतील तर सेन्सरला हात लावू नका. वेग सारखा नाही, म्हणून चाकं, मोटरचं ताणनियंत्रण आणि सरपटीची लांबी तपासा. पहिल्या दोन फेऱ्या नेहमी वेगळ्या येतात, त्या सोडून द्या.

मग डबे जोडून तेच करा, मग उलट दिशेने, आणि शेवटी मुद्दाम खोडसाळपणा: सेन्सरची वायर काढून ठेवा. थांबण्याचा सेन्सर आलाच नाही तर काय, याचं उत्तर तुमच्या मांडणीकडे हवं. साधं उत्तर असं की सरपट सुरू झाल्यावर आठ-दहा सेकंदांत सेन्सर आला नाही, तर गाडी तशीच थांबवायची आणि पडद्यावर सूचना द्यायची.

कोथरूडमध्ये जोशी रेल्वे म्युझियम आहे, भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १९९८ च्या १ एप्रिलला खुलं झालेलं. संगणकावर चालणाऱ्या मांडणीचा खेळ तिथे बघायला मिळतो. मुलांची नजर धावत्या गाड्यांवर असते. तुम्ही मात्र स्टेशनपाशी उभं राहून गाडी थांबताना बघा.

काही महिन्यांनी गाड्या हळूहळू ठरल्या जागेच्या पुढे थांबायला लागतात. सॉफ्टवेअर उघडण्याआधी इंजिन उलटं करून चाकांवरचा काळा थर पुसा. उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ घरात येते तेव्हा हे दर आठवड्याला करावं लागतं. तरीही फरक राहिला तर गिअरला तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं धावणं, आणि वेगाची नोंद पुन्हा. सेन्सर हलवायचा तो यानंतर.